मदत हवी आहे: एंडोमेट्रिओसिसचं ऑपरेशन होऊन ११ आठवडे झाले, तरी दुखतंय

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय आणि लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

वय ३४. मला एंडोमेट्रिओसिस (एंडो) आहे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं. पाळीत दुखणं शाळेपासूनचं, "सगळ्यांचंच दुखतं" ऐकत ऐकत अंगावर काढलेलं. ११ आठवड्यांपूर्वी लॅप्रोस्कोपी (छोट्या छेदांतून दुर्बिणीचं ऑपरेशन) झाली. डाव्या ओव्हरीतली ५ सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट (एंडोमुळे झालेली जुन्या रक्ताची गाठ) काढली, आतडं गर्भाशयाच्या मागे चिकटलं होतं ते सोडवलं आणि गर्भाशयाला मागून धरणाऱ्या लिगामेंटवरचा (पट्ट्यावरचा) एंडो जाळला नाही, कापून काढला. रिपोर्टवर स्टेज ४ (सगळ्यात वरची) लिहिलंय, पण डॉक्टर म्हणाले स्टेजवरून दुखणं किती ते ठरत नाही, स्टेज १ वाली पण गडाबडा लोळू शकते.

पहिले चार दिवस पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त दुखला, मी तर घाबरलेच होते. मग नर्सने सांगितलं की पोट फुगवायला गॅस भरतात, त्यातला थोडा आत राहतो, श्वासाच्या पडद्याला त्रास देतो आणि तिथल्या नसेमुळे ते खांद्यात जाणवतं. तो खांदा आपोआप थांबला. टाकेही छान भरले. तीन आठवड्यांनी मी ऑफिसला जायला लागले, आणि तिथून पुढे गाडी अडकलीये.

आत्ता काय होतं सांगते. डावीकडच्या छोट्या छेदापाशी अंथरुणातून उठताना सुई टोचल्यासारखी चमक येते, बोट ठेवून दाखवता येईल इतकी नेमकी जागा. दुसरं म्हणजे अर्धा तास खुर्चीत बसलं की खाली माकडहाडापाशी दडपण येतं, लघवी झाल्यावर जळजळतं (कल्चर, म्हणजे लघवीतल्या जंतूंची तपासणी, दोनदा केली, दोन्ही वेळा काही नाही) आणि नवऱ्याबरोबरचं तर अजून जमतच नाहीये, आत भिंत असल्यासारखं वाटतं. आणि गंमत म्हणजे हे माझं जुनं दुखणं नाहीच, जुना ठणका मी झोपेतही ओळखेन. पाळी डायनोजेस्ट २ मिग्रॅमवर (एंडोसाठीची हार्मोनची गोळी) बंद आहे, अधूनमधून स्पॉटिंग होतं.

सहा आठवड्यांच्या चेकअपला सोनोग्राफी करून "आतून सगळं छान आहे" म्हणाले. छान आहे म्हटल्यावर पुढे काय बोलणार, मान हलवून आले. घरी पण आता "ऑपरेशन झालं ना, मग?" असं सुरू झालंय.

एंडो आत राहिलाय की हे वेगळंच काही आहे? कुणाला किती दिवस लागले? कुणीतरी केगल (खालचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम) सांगितले म्हणून रोज शंभर करतेय, पण त्याने वाढतंय असं वाटतं, का मनाचे खेळ आहेत?

सोनटक्का:
अगं आधी ते केगल थांबव! मी सेम चूक केली होती. वर्षानुवर्षं दुखत असलं की खालचे स्नायू सतत मूठ आवळल्यासारखे घट्ट राहतात, एंडो काढला तरी ती मूठ आपोआप सुटत नाही. त्यात आपण केगल करून अजून आवळतो. बसल्यावर दडपण, कल्चर क्लीन असून जळजळ, ती भिंत, माझं हुबेहूब हेच होतं. पेल्विक फ्लोअरची (म्हणजे याच खालच्या स्नायूंची) फिजिओ गाठली, तिने सैल सोडायला शिकवलं, पोटात खोल श्वास घेताना खाली सगळं सोडून द्यायचं बस एवढंच, ऐकायला फालतू वाटतं. मला ऑपरेशननंतर बसायला बरं वाटेपर्यंत पाच महिने लागले. आणि 'मनाचे खेळ' हा शब्द परत वापरू नकोस.

गुडघेदुखे:
मी फिजिओ आहे, गायनॅक नाही, तेवढं धरून वाचा. छेदापाशी दुखतं त्याची घरी करता येणारी एक तपासणी आहे. उताणं झोपा, दुखतं तिथे बोट दाबून ठेवा आणि डोकं-खांदे थोडे उचला. दुखणं वाढलं तर बहुतेक ते पोटाच्या भिंतीतलं आहे, म्हणजे स्नायू किंवा तिथे अडकलेली बारीक नस, आतलं नव्हे. नस निघाली तर त्या जागी भूल देणारं इंजेक्शन देतात, ते डॉक्टर बघतील. सोनोग्राफी क्लीन म्हणजे एंडो नाहीच असं नसतं, वरवरचे छोटे डाग तिच्यात दिसत नाहीत. गर्भाशयाच्या भिंतीतच आजार असला, म्हणजे ॲडिनोमायोसिस, तर तो या ऑपरेशनने जात नाही, त्याबद्दल स्पष्ट विचारा. ११ आठवड्यांत थोडं दुखणं नवल नाही, पण ते दर महिन्याला कमी होत जायला हवं. आणि ताप, वास येणारा स्राव, पोट फुगून उलट्या, लघवी अडणं किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखणं, यातलं काहीही झालं तर इथे लिहीत बसू नका, लगेच दवाखाना.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. आत्ताच झोपून डोकं उचलून पाहिलं, छेदापाशी अशी कळ आली की ओरडलेच, पण खालच्या दडपणाला काहीच फरक नाही. म्हणजे दोन वेगळी दुखणी दिसतायत आणि मी दोन्ही एकाच नावाखाली सांगत होते. केगल कालपासून बंद. गुरुवारी डॉक्टरांकडे जातेय, यावेळी कागदावर लिहून नेणार, कुठे दुखतं, काय केल्यावर, किती वेळ.

सोनटक्का, एक विचारायचं राहिलं. फिजिओ पहिल्याच दिवशी आतून तपासते का? मला नुसत्या कल्पनेनेच आवळायला होतंय, नाही म्हटलं तर चालतं का?

सोनटक्का:
चालतं. मला तर तिने पहिले दोन वेळा बाहेरूनच तपासलं, पोट, मांड्या आणि श्वास. तिच्या खोलीत जाताच आतून नको म्हणून सांगून टाक.