मदत हवी आहे: पावसाळ्यात कणीक आणि रवा कसा टिकवायचा?

आम्ही चिपळूणचे. जुलै २०२१ च्या पुरानंतर महिनाभराचा शिधा कायम पोटमाळ्यावर ठेवतो. तूरडाळीला ऊन देऊन एरंडेल चोळतो, तांदळात कडुलिंबाचा वाळका पाला घालतो. दोन्ही छान टिकतात. कडधान्यांचीही तक्रार नाही.

अडतंय ते कणीक आणि रव्याशी. रवा कोरडा भाजून, गार करून स्टीलच्या डब्यात भरला, तरी श्रावणापर्यंत जाळी धरतेच. कणकेला कुबट वास येतो.

फ्रिज सुचवू नका, वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. गहूच ठेवा म्हणाल, तर तेव्हा गिरणीही बंद असते! घरात लहान मूल आहे, त्यामुळे बोरिक पावडर, गोळ्या नकोत.

कोकणातल्या दमट हवेत या दोन गोष्टी जून ते सप्टेंबर कुणी टिकवल्यात का, आणि नेमक्या कशात भरून?