"सगळ्या पेनकिलर मेंदूला गुंगवतात" म्हणे!

अर्धशिशी: काल या फोरमवर कुणीतरी लिहिलंय, "सगळ्या पेनकिलर मेंदूला गुंगवतात, दुखणं तिथेच राहतं. सहन करायला शिका." सगळ्या? आयबुप्रोफेन कुणाला गुंगवतं हो? सुजेच्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, त्याने तिथली मज्जातंतूंची टोकं हुळहुळी होतात. गोळी ते बनवणारं एन्झाइमच अडवते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेननी १९७१ मध्येच अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांचं हे काम दाखवलंय, १९८२ चं नोबेलही मिळालं. मॉर्फिनची तऱ्हा वेगळी. जखमेची खबर मज्जारज्जूत पुढच्या पेशीला दिली जाते, तिथेच ते ती दाबतं. वरून मेंदूतली वेदना आवरणारी यंत्रणाही कामाला लावतं.

सोसणारा: तो कुणीतरी म्हणजे मी. नोबेल ठीक, पण तेच प्रोस्टाग्लँडिन जठराचं अस्तर सांभाळतं, ते सोयीस्कर गाळलंत. गुडघ्यासाठी रोज हीच गोळी घेणाऱ्या माझ्या वडिलांना रक्ताची उलटी झाली. तेव्हा शहाणपण शिकवू नका.

रात्रपाळी: वडिलांचं वाईट झालं. पण पोटाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पेशंटला खोकायला सांगून बघा. उशी टाक्यांवर दाबून धरतात, तरी श्वास अर्ध्यातच सोडतात. कफ साठतो, न्यूमोनिया होतो. सोसा म्हणे!

दाढदुखी: मला दाढ काढल्यावर कोडीन ही पेनकिलर दिली होती, काडीचा फरक नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्ही फार नाजूक.

अर्धशिशी: नाजूक कसले! कोडीनचा जोर मुख्यतः त्यातून बनणाऱ्या मॉर्फिनवर. ते यकृतातलं सीवायपी२डी६ एन्झाइम बनवतं. काहींच्यात ते जन्मतःच निकामी असतं.

रात्रपाळी: आणि काहींच्यात सुसाट, मॉर्फिन भसाभस बनतं, ते जास्त भयंकर. लहान मुलांचे श्वास थांबलेत. म्हणून तर अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्यांना कोडीन द्यायला मनाई केली.

दाढदुखी: मग ट्रामाडॉल ही दुसरी पेनकिलर?

अर्धशिशी: तेही बरंचसं त्याच एन्झाइमवर अडतं. डिप्रेशनसाठी पॅरोक्सेटिन चालू असेल तर चांगलं एन्झाइमही बंद पडतं. हे विचारायला डॉक्टरांना वेळ कुठे असतो?

सोसणारा: म्हणजे डॉक्टर न बघता गोळ्या देतात. मी वेगळं काय म्हणत होतो?

अर्धशिशी: "मेंदू गुंगतो" म्हणत होता. वर जाऊन वाचा.

सोसणारा: बरं बाई, "सगळ्या" मागे घेतलं. खूश? व्यसनाबद्दल मात्र सगळ्यांची दातखीळ.

रात्रपाळी: दातखीळ कसली? डोस वाढवावा लागणं वेगळं, व्यसन वेगळं. व्यसन लागतं, नाही कोण म्हणतंय? रात्री मी मॉर्फिनवाल्यांचे श्वास मोजते, कारण श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठातही मॉर्फिन जिथे चिकटतं ते रिसेप्टर आहेत. श्वास मंदावला तर नॅलोक्सोन हाताशी असतं, ते मॉर्फिनला तिथून हुसकावतं. म्हणून कळवळणाऱ्याला तसंच ठेवू?

सोसणारा: हॉस्पिटलात द्या. घरी पाकीटभर बांधून देऊ नका.

रात्रपाळी: एवढं मान्य. नाइलाजाने.

दाढदुखी: ते एन्झाइम कुठल्या टेस्टमध्ये कळतं?

अर्धशिशी: जनुकीय चाचणीत. पण धागा कोडीनचा नाहीये.

दाढदुखी: दुसरी दाढ पुढच्या आठवड्यात काढायचीय, माझ्यापुरता कोडीनचाच आहे.