सचिनने शतक मारलं की आपण हरायचो : हे मत आहे की चूक?

चाळकरी :
मंडळी, क्रिकेटचा विषय निघाला की एक महाभाग हमखास भेटतो, मग ते लग्नातलं जेवण असो नाहीतर लोकलचा डबा. 'सचिनने सेंच्युरी मारली की आपण मॅच हरायचो.' आपण म्हणायला जावं की बाबा रे असं नाहीये, तर लगेच पुढचं वाक्य तयार, 'ते माझं मत आहे आणि मत कधी चूक नसतं'. पहिल्या वाक्यापेक्षा मला या दुसऱ्याचा जास्त राग येतो.

हिशोब सरळ आहे. एकूण १०० आंतरराष्ट्रीय शतकं. त्यातल्या ५३ मॅच जिंकलो, २५ हरलो, २० टेस्ट ड्रॉ, एक टाय, एक निकालाविना. नुसती वनडेची ४९ धरली तर ३३ जिंकल्या नि १४ हरल्या. म्हणजे 'हरायचो' हे मत नाहीच मुळात, ते मोजता येणारं विधान आहे आणि मोजलं की खोटं निघतं. उद्या मी म्हणालो, माझ्या मते महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर साल्हेर, तर ट्रेकवाले माझ्या मताचा आदर करतील की १६४६ मीटरचं कळसूबाई दाखवून मला गप्प बसवतील? 'माझ्या मते' चिकटवलं म्हणून कुठलंही वाक्य मत होत नाही. आणि खरी मतंसुद्धा चूक असू शकतात असं माझं म्हणणं आहे. बोला.

लेगबाय :
आले आकडे घेऊन. अहो साहेब, माणूस बोलताना एक्सेल शीट वाचत नाही. 'हरायचो' म्हणजे शंभरातले शंभर असं कोण म्हणतंय? त्याचा अर्थ असा की जिथे जीव अडकला होता तिथे हरलो. चेन्नई १९९९, पाकिस्तान, २७१ चं टार्गेट, ५ बाद ८२ वरून त्याने १३६ मारले, पाठ धरलेली, १७ हवे असताना आऊट आणि आपण १२ रन्सनी हरलो. हैदराबाद २००९, ऑस्ट्रेलियाचे ३५०, ह्याचे एकट्याचे १७५, हरलो ३ रन्सनी. मिरपूर २०१२, शंभरावं शतक, समोर बांगलादेश, तरी हरलो. २०११ च्या वर्ल्डकपमध्ये त्याची दोन शतकं, बेंगळुरूला इंग्लंडशी टाय आणि नागपूरला आफ्रिकेकडून हार. दोन्हीत जिंकलो नाही!! हे सगळं आम्ही डोळ्यांनी बघितलंय, त्यातून जे मनात बसलं ते आमचं मत. त्याला चूक म्हणायचा तुम्हाला काय अधिकार?

चाळकरी :
तू पाच मॅच सांगितल्यास आणि पाचही बरोबर सांगितल्यास, वाद तिथे नाहीच. पण त्याच माणसाच्या ग्वाल्हेरच्या नाबाद २००, तेव्हा आपण १५३ रन्सनी जिंकलो. १९९९ ला वडील गेले, घरी येऊन परत गेला आणि ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४०, जिंकलो. २००८ ला सिडनीत ऑस्ट्रेलियाशी फायनल, नाबाद ११७, जिंकलो. शारजाची १९९८ ची फायनल, १३४, जिंकलो. यातली एकही तुझ्या यादीत नाही कारण जिंकलेल्या मॅचनंतर आपण जेवून झोपतो, हरलेली मॅच दहा वर्षं चघळतो.

आणि अजून एक, तो ४६३ वनडे खेळला त्यात भारत २३४ जिंकला, म्हणजे निम्म्याच्या जरा वर. शतक मारलं त्यात ४९ पैकी ३३, दोन तृतीयांश. आता कोणीही म्हणेल की शतक कुणीही मारलं तरी टीम जास्तच जिंकणार, मान्य, यात सचिनचं वेगळेपण सिद्ध होत नाही. पण 'शतक मारलं की हरायचो' हे तर उलटंच पडतं ना.

विदर्भएक्सप्रेस :
भाऊ, नागपूरचं नाव काढलं म्हणून बोलतो, जामठ्याला त्या दिवशी मी स्टँडात होतो. १११ मारून सचिन गेला तेव्हा २ बाद २६७ होते, अन त्याच्यानंतर काय झालं विचारा. त्याची धरून २९ रन्समध्ये नऊ विकेट! २९६ ऑल आऊट, अन तेही पूर्ण पन्नास ओव्हर न खेळता. स्टेननं पाच काढल्या. मंग शेवटच्या ओव्हरला १३ पाहिजे होते आफ्रिकेला, नेहराला बॉल दिला, पीटरसननं दोन बॉल ठेवून मारून टाकले. बाहेर निघताना माझ्या पुढे दोघं चालले होते, एक म्हणे 'सचिननं शतक मारलं म्हणजे हरणारच होतो ना बे'. आता मले सांगा, शतकामुळे हरलो का शतक असूनही हरलो? स्कोअरकार्डात दोन्ही सारखंच दिसते. हे मोजून नाही निघत, पण दोघांपैकी एक जण चूक आहे हे नक्की.

लेगबाय :
हे बरोबर बोललास, मोजून निघत नाही. मग मत झालं. मग चूक कसलं?

विदर्भएक्सप्रेस :
अरे बाबा, मोजता येत नाही म्हणजे काहीही चालते का? तो आऊट झाल्यावर बाकीचे पडले, त्याचा दोष त्याच्यावर टाकाचा असेल तर काऊन ते सांगा. कारण नाही तर ते मत नाही, नुसतं तोंड आहे.

सांगलीची हळद :
मी जरा दुसऱ्या बाजूने बोलते. 'चूक' हा शब्द मला मतांच्या बाबतीत पटत नाही. चूक म्हणायचं तर बरोबर उत्तर कुठेतरी असायला हवं. तथ्याचं असतं, मताचं नसतं. मत कच्चं असेल, ऐकीव असेल, अर्धवट माहितीवर असेल, ते सगळं म्हणा, पण चूक नाही. एकच उदाहरण देते, टेस्टमध्ये चौथ्या, म्हणजे शेवटच्या आणि दडपणाच्या इनिंगला सचिनचे १६२५ रन्स. २०२४ मध्ये जो रूटने मागे टाकेपर्यंत जगात कुणाचेच त्याहून जास्त नव्हते. आणि त्याच इनिंग्जमधली सरासरी ३६.९३, जेव्हा त्याची एकूण सरासरी ५३.७८ आहे. शतकं तीन. १९९० ला मँचेस्टर, मॅच ड्रॉ. १९९९ चेन्नई, हरलो. २००८ परत चेन्नई, इंग्लंडने ३८७ चं टार्गेट दिलेलं, नाबाद १०३ आणि जिंकलो. आता एक जण म्हणेल चौथ्या इनिंगचा बादशहा, दुसरा म्हणेल प्रेशरमध्ये निम्मा. आकडे दोघांकडे तेच आणि खरे. कोण चूक?

आणि खरं सांगू का, हा वाद मला घरातून चांगला माहितीये. आमच्याकडे सासरे बोलले की ते 'मत' असतं आणि मी बोलले की 'तुझं चुकतंय'. मतांना चूक म्हणायची मुभा दिली की ती मुभा कोण वापरतं तेही बघा जरा.

चाळकरी :
ताई, सासऱ्यांचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. सासऱ्यांचं मत चूक ठरवता यायला हवं म्हणूनच तर मी भांडतोय! सगळीच मतं चुकीच्या पलीकडची मानली तर ज्याचा आवाज मोठा त्याचं चालणार, तुमच्या घरी तेच चाललंय.

चौथ्या इनिंगबद्दल मान्य, तिथे दोघंही चूक नाहीत. पण तिसरा येऊन म्हणाला की 'चौथ्या इनिंगला त्याने एकदाही जिंकून दिलं नाही', तर २००८ ची चेन्नई त्याला गप्प करते.

कोर्टाचीपायरी :
वकिलाने तोंड उघडलं नाही तर धागा पूर्ण होत नाही :) कायद्याने हा प्रश्न कधीच हाताळलाय. बदनामीचं कलम, जुन्या दंड संहितेतलं ४९९, आता न्याय संहितेत ३५६. त्यात सद्हेतूने व्यक्त केलेल्या मताला संरक्षण आहे आणि उदाहरणं दिलीत ती वाचाच. एखाद्याने पुस्तक छापलं, मी म्हणालो 'पुस्तक मूर्खपणाचं आहे, लेखक दुबळा माणूस असणार', तर सद्हेतू असेल तर चालतं, कारण मत पुस्तकावरून बनलंय. पण मी म्हणालो 'पुस्तक मूर्खपणाचं आणि अश्लील आहे यात नवल नाही, लेखकच दुबळा आणि लंपट आहे', तर संरक्षण गेलं, कारण माणसाबद्दलचं ते मत पुस्तकावर उभंच नाही. बघा, दोन्ही मतं सारखीच कडू, कायदा कडूपणा बघत नाही, मत कशावर टेकलंय ते बघतो.

म्हणून लेगबायना विचारतो, मिरपूर बघून 'त्या दिवशी तो संथ खेळला' म्हणत असाल तर चालू द्या. आधीच ठरवून ठेवलंय की स्वतःसाठी खेळतो आणि मग मिरपूर शोधून काढलं असेल तर अवघड आहे.

पॉपकॉर्न :
वाचतोय. चालू ठेवा.

लेगबाय :
वकीलसाहेब, चला मग टेकलेलं मत घेऊ. २००७ च्या वर्ल्डकपला आपण पहिल्याच राऊंडला बाहेर, सचिनच्या बॅटमधून काही निघेना, इयान चॅपेलने कॉलम लिहिला की त्याने आरशात बघून निवृत्तीचा विचार करावा. चॅपेल काय गल्लीतला पोरगा नव्हे, अख्खं आयुष्य क्रिकेटमध्ये गेलेलं. त्याआधीची दोन-तीन वर्षं दुखापती नि फॉर्म बघता मत पुराव्यावरच होतं की नाही? आणि पुढे काय झालं, २०१० या एका वर्षात टेस्टमध्ये १५६२ रन्स, सात शतकं, आयसीसीचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, वर ग्वाल्हेरचे २००. आता चॅपेल चूक का बरोबर? तुमच्या हिशोबाने मत नीट टेकलेलं होतं म्हणजे बरोबर, आणि निकाल बघितला तर सपशेल आपटलं. यातलं कुठलं 'चूक' तुम्ही मला लावताय ते आधी ठरवा.

चाळकरी :
हा प्रश्न मात्र जबरी आहे. मी म्हणेन चॅपेलचं मत तेव्हा वाजवी होतं आणि नंतर चूक निघालं, दोन्ही एकदम खरं असू शकतं. डॉक्टर लक्षणं बघून मलेरिया म्हणतो, रिपोर्ट येतो डेंग्यूचा, डॉक्टर बेजबाबदार होत नाही पण मलेरियाही होत नाही. याच्या उलट तुझ्या पंगतीतला माणूस कुठल्यातरी शतकाच्या दिवशी 'आज हरणार' म्हणाला आणि खरंच हरलो, तर निकाल त्याच्या बाजूने लागला म्हणून त्याला अक्कल होती असं होत नाही. एकाचा निकाल चुकला, दुसऱ्याचा रस्ताच चुकलेला. तुला मी दुसरं लावतोय.

सांगलीची हळद :
म्हणजे 'चूक' चे दोन प्रकार झाले. मी मघाशी ज्याला कच्चं म्हणत होते त्यालाच तुम्ही चूक म्हणताय. ठीक आहे, पण पसंतीचं काय? मला द्रविडची बॅटिंग बघायला सचिनपेक्षा जास्त आवडते. यात कुठला रस्ता चुकलाय ते दाखवा.

चाळकरी :
कुठलाच नाही. ती आवड आहे, तिथे मी हात जोडतो. (फक्त शारजाच्या वाळूच्या वादळानंतरचे १४३ बघून कुणाला द्रविड आठवत असेल तर... जाऊ द्या.)

लेगबाय :
वा, शारजाचे १४३! ती मॅचसुद्धा २६ रन्सनी हरलो होतो, विसरलात?

विदर्भएक्सप्रेस :
हरलो पण फायनलले गेलो ना भाऊ! क्वालिफाय व्हायले जेवढे पाहिजे होते तेवढे झाले, म्हणूनच न्यूझीलंड घरी गेली. पुस्तकात ती मॅच 'हार' म्हणून लिहिली आहे, तुमच्या २५ मध्ये ती पण मोजली आहे. अन सेंच्युरियनच्या ग्राउंडवरचे पाकिस्तानविरुद्धचे ९८, ती मॅच तर जिंकलो, पण ते ५३ मध्ये नाही येत कारण शतकाले दोन कमी पडले.

लेगबाय :
म्हणजे तुमचेच आकडे पण निवडलेलेच आहेत की. मग मिरपूरवर या. १४७ बॉलमध्ये ११४, अर्धी इनिंग एकट्याने खाल्ली, ८० नंतर गाडी फर्स्ट गिअरला. २८९ झाले, ३१० व्हायला हवे होते. बांगलादेशने चार बॉल राखून मारले. माझं म्हणणं, ती मॅच त्या संथपणामुळे गेली. आता हे मी सांगितलेल्या बॉलवर टेकलंय, ऐकीव नाही. दाखवा चूक.

विदर्भएक्सप्रेस :
२८९ बोर्डवर होते, बॉलरनं वाचवाचे होते. शतक करणाऱ्यानं बॉलिंग पण कराची काय?

चाळकरी :
लेगबाय, ८० नंतर किती बॉलमध्ये किती काढले ते बॉल-बाय-बॉल टाक, मग बोलू. आणि त्या वीस रन्समध्ये समोरच्या एंडचे किती आणि सचिनचे किती, तेही.