खाण बंद पडलेल्या गावात आम्ही विद्यार्थ्यांनी नेमकं काय करावं?

पायवाट:
नमस्कार मंडळी. कोळशाची खाण कधीच बंद पडलेल्या एका गावाशी आमच्या विद्यापीठाने करार केलाय. पुढची दोन सत्रं आमचा गट तिथे काम करणार आहे. अर्थशास्त्र, स्थापत्य, संगणक अशी सरमिसळ आहे. कागदावर उद्देश 'स्थानिक आर्थिक विकासाला हातभार'. मार्गदर्शकांच्या डोक्यात उद्योजकता कार्यशाळा आणि एक अ‍ॅप आहे. पहिल्याच बैठकीत एका आजींनी विचारलं, "मागच्या मुलांनी भरून नेलेल्या फॉर्मांचं पुढे काय झालं?" आमच्यापैकी कुणालाच त्या फॉर्मांबद्दल काही माहीत नव्हतं.

गावात कसबी माणसं आहेत. आमच्या जाण्याने त्यांचं काही भलं व्हावं, नुसते आमचे गुण वाढू नयेत, असं मनापासून वाटतं. सुरुवात कुठून करू?

जुना सर्वेअर:
माझी उभी नोकरी खाणीत सर्वेअर म्हणून गेली, त्यामुळे मी जमिनीखालूनच सुरुवात करणार. कार्यशाळा राहू द्या. आधी खाणीचे जुने नकाशे शोधा.

कोळसा काढताना छत तोलायला मध्ये कोळशाचेच खांब सोडतात. खाण बंद झाली की पाणी उपसणारे पंप थांबतात, गॅलऱ्यांत म्हणजे जमिनीखालच्या बोगद्यांत पाणी भरतं, खांब कमजोर होत जातात आणि कित्येक वर्षांनी वरची जमीन खचू शकते. कुठली जमीन पोकळ आणि कुठली भरीव, हे कुणी ठामपणे सांगत नसेल तर बँक हात आखडता घेते, विमावाले टाळतात आणि शेड बांधायला आलेला माणूस दुसरीकडे निघून जातो. मग 'या लोकांत धमकच नाही' असं बाहेरचे म्हणतात. हे ऐकलं की मला फार लागतं.

जुने नकाशे बरेचदा कापडावर काढलेले असतात. घडीवरची शाई उडालेली, मापं जुन्या एककांत. उत्तर दिशा चुंबकीय, म्हणजे होकायंत्राने घेतलेली असेल तर नकाशाचं साल आधी बघा, कारण चुंबकीय उत्तर दरवर्षी थोडी सरकते. शाफ्टची, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरींची तोंडं जमिनीवर अजून ओळखता येत असतील तर ती जीपीएसने मोजा आणि त्या बिंदूंवर जुना नकाशा आजच्या नकाशाशी जुळवा. मग निवृत्त कामगारांना बोलवा. छत कोसळलं म्हणून कुठला पट्टा अर्धवट सोडला, शेवटी शेवटी कुठले खांबही काढून घेतले, हे नकाशात नसतं पण त्यांना पाठ असतं. त्यांच्या वेळेचे पैसे द्या, शाल-श्रीफळावर भागवू नका. आणि 'ही जागा सुरक्षित' असा शिक्का तुम्ही मारायचा नाही, ते काम जाणकार भू-अभियंत्याचं.

नेदरलँड्समधल्या हेर्लेनला शेवटची खाण १९७४ मध्ये बंद झाली. बुडालेल्या गॅलऱ्यांत सुमारे ७०० मीटर खोलीवरचं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं. २००८ पासून तिथे खाणीचं पाणी इमारती गरम आणि थंड ठेवायला वापरतात. एवढ्या खाली नेमकं गॅलरीत छिद्र उतरवायचं तर हातात जुना नकाशाच हवा.

हिशेबनीस:
सर्वेअरकाकांना अनुमोदन. पैशाच्या बाजूने थोडी भर घालतो. ब्रिटनच्या वेल्समधली टॉवर कोलियरी ही कोळशाची खाण १९९४ मध्ये परवडत नाही म्हणून बंद केली गेली. २३९ कामगारांनी नोकरी गेल्याच्या भरपाईतून प्रत्येकी ८,००० पौंड घातले, खाण विकत घेतली आणि जानेवारी १९९५ पासून स्वतः चालवली, थेट २००८ पर्यंत. कसब त्यांच्यापाशी होतंच. असं काही उभं करताना आराखडा, करार, बँकेपुढे मांडायचे आकडे यांवर रात्री जागवणारं कुणीतरी लागतं. तिथे तुमचे अर्थशास्त्रवाले कामाला येतील. फक्त अर्ज गावातल्या संस्थेच्या नावाने करा आणि बँक खातंही तिचंच असू द्या.

रानवाट:
कॅनडातल्या सडबरीबद्दल वाचा. तिथे खाणी आजही चालू आहेत, पण निकेल-तांब्याच्या भट्ट्यांच्या धुराने टेकड्या उघड्याबोडक्या पडल्या होत्या. लॉरेन्शियन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ कीथ विंटरहाल्डर यांच्यासारख्यांनी आधी चाचण्या घेतल्या. १९७८ पासून उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना पगारावर घेतलं आणि त्यांनी चुनखडीच्या भुकटीची पोती वाहून ती हाताने पसरली. पुढे एक कोटीहून जास्त झाडं लागली. विद्यार्थी येत-जात राहिले, काम मात्र स्थानिक प्रशासनाने आपलं म्हणून चालू ठेवलं. तुमच्या गावात हे कोण करणार, ते पहिल्या सत्रातच ठरवा.

पायवाट:
खूप आभार. अ‍ॅपचा विषय मागे ठेवावा असं मार्गदर्शकांशी बोलते. सर्वेअरकाका, हे नकाशे मागायचे कुणाकडे?

जुना सर्वेअर:
खाण सुरक्षेचं सरकारी खातं आणि मूळ कंपनीचा वारस, दोघांकडे लेखी मागा. खाण बंद करताना शेवटचा नकाशा सरकारजमा करायचा नियम पुष्कळ देशांत आहे, त्यामुळे 'बंद करतानाचा नकाशा' असं स्पष्ट लिहा. माझ्यासारख्या जुन्या माणसांच्या माळ्यावरही प्रती निघतात. गुंडाळी मिळाली तर ओढून उलगडू नका, तडकते. अभिलेखागारातल्या माणसाच्या हातून उलगडून घ्या आणि स्कॅनची एक प्रत गावातच ठेवा.