अमेरिकेतली ती ब्लॉक ग्रँट काय भानगड आहे? आणि नागपुरात तसं काही आहे का?

सक्करदरावाला:
मंडळी, माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याच्या शहरात जुन्या वस्तीत फूटपाथ नि गडर लाईन नवीन झाली आणि बोर्डावर लिहिलंय की पैसा कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँटचा, म्हणजे केंद्राचा. मग काम कोण ठरवतं, वॉशिंग्टन की शहर? आपल्या मनपाला असा पैसा येतो का?

संत्रा_मार्केट:
भाऊ, काम शहरच ठरवतं. १९७४ च्या कायद्याआधी तिथं प्रत्येक कामाची योजना वेगळी, अर्ज वेगळा, ते सगळं एकत्र करून एकच ग्रँट केली. साधारण ५० हजारांवरच्या शहरांना ती दरवर्षी थेट मिळते, किती ते लोकसंख्या, गरिबी, जुनी घरं, दाटी बघून फॉर्म्युल्यानं निघतं, आणि लहान गावांचा वाटा राज्यामार्फत जातो. मोठी अट म्हणजे किमान ७० टक्के पैसा कमी उत्पन्नवाल्यांच्या कामी यायला पाहिजे, कमी म्हणजे त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या आत. फूटपाथसारखं काम असलं की त्या वस्तीतले निदान ५१ टक्के लोक तसे असावे लागतात, म्हणून तो बोर्ड जुन्या वस्तीत लागला. महापालिकेची इमारत बांधायला हा पैसा चालत नाही, हे मला फार आवडतं.

महालकर:
आपल्याकडे बहुतेक पैसा कामाला बांधूनच येतो. जेएनएनयूआरएम या शहरसुधारणेच्या जुन्या केंद्रीय योजनेत नागपूरसाठी केंद्र ५०, राज्य २०, मनपा ३० टक्के असं होतं. अमृत २.० या पाणी नि गडरच्या केंद्रीय योजनेत दहा लाखांवरच्या शहरांना केंद्राचे २५ टक्केच. १५ व्या वित्त आयोगाचं २०२१-२६ चं अनुदानही अशा शहरांना हवा, पाणी, घनकचरा याच हेडखाली. वस्तीला अभ्यासिका पाहिजे असली तर त्यातून होणार नाही.

बचतगट_ताई:
मला वाटतं खरा फरक लोकांना विचारण्यात आहे. तिथं वर्षातून निदान दोन जनसुनावण्या घ्याव्याच लागतात, आराखडा ३० दिवस लोकांपुढे ठेवावा लागतो. आमच्या गल्लीत चेंबरचं झाकण रस्त्याच्या वर आलंय, पाऊस आला की पाणी त्याला वळसा घालून सरळ कडेच्या घरांत शिरतं, हे नकाशात दिसत नाही पण गल्लीतली कोणतीही बाई दाखवून देईल. ७४ व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांवरच्या शहरांत वॉर्ड समित्या सांगितल्यात, त्यात वस्तीतल्या बायांना बोलू द्या ना, पैसा आहे तेवढाच राहिला तरी योग्य जागी लागेल.

सक्करदरावाला:
ताई, एकदम पटलं. आमच्या वस्तीचं काम सुचवायचं तर कधी नि कोणाला द्यायचं?

महालकर:
मनपाचं बजेट ठरायच्या आधी, डिसेंबर-जानेवारीतच. झोनच्या सहायक आयुक्तांच्या नावानं लेखी द्या, फोटो जोडा, जेवढ्या घरांच्या सह्या मिळतील तेवढ्या घ्या. आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.