डेन्व्हरला प्लेऑफमध्ये सगळ्यात जड कोण? माझं मत: ओकेसी नाही, मिनेसोटा

डावखुरा

२१ ऑक्टोबर २०२५ पासून एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, नवा हंगाम. जिकडे बघावं तिकडे एकच पालुपद चालू आहे: पश्चिम विभागात ओक्लाहोमा सिटी थंडर (ओकेसी), विषय संपला. मान्य. साखळीत ६८ सामने जिंकले, फायनलमध्ये इंडियानाला सातव्या सामन्यात हरवलं, २०२५ चे चॅम्पियन आहेत. पण मी पडलो डेन्व्हरवाला. सगळ्यात तगडा संघ कोणता हा वाद मला घालायचाच नाही. योकिचच्या डेन्व्हरला प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीत, सात सामन्यांच्या मालिकेत कोण जड जातं, एवढंच बोलू. माझं उत्तर मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्ज.

डेन्व्हरचा सगळा खेळ त्यांचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) योकिच याच्या हातातून जातो. तो फ्री थ्रो लाइनच्या आसपास चेंडू घेऊन उभा राहतो, जमाल मरे त्याच्याभोवती घिरट्या घालतो आणि ॲरन गॉर्डन रिंगच्या बाजूला बेसलाइनवर दबा धरून असतो. समोरचा सेंटर योकिचला अडवायला वर आला की रिंग मोकळी पडते आणि चेंडू गॉर्डनकडे जातो. २०२४ ला मिनेसोटाने यावर सरळ तोडगा काढला. योकिचवर कार्ल-अँथनी टाउन्स सोडला आणि आपला सेंटर गोबेरला गॉर्डनवर ठेवलं. 'गॉर्डनवर' हे आपलं म्हणायला. प्रत्यक्षात गोबेर रिंगखाली ठाण मांडून होता. योकिचने टाउन्सला खांद्याने ढकलत ढकलत आत नेलं तरी पुढे सात फूट एक इंचाचा माणूस हात वर करून हजर. मरेवर जेडन मॅकडॅनियल्स, उंची सहा फूट नऊ इंच. मरेचा मागे झुकून मारायचा तो लाडका शॉट याच्या बोटांवरून जायचा म्हणजे दिव्यच.

निकाल सगळ्यांना माहीत आहे. सातवा सामना, डेन्व्हरचं घरचं कोर्ट, तिसऱ्या क्वार्टरला ५८-३८ ने पुढे. आपल्याकडे सोमवारची पहाट. ऑफिसला जायच्या वेळेपर्यंत मिनेसोटा ९८-९० ने जिंकून खेळ खल्लास.

आणि मिनेसोटाचा हा संघ बांधला कोणी, तर टिम कॉनलीने. २०१४ ला ४१व्या क्रमांकावर योकिचला उचलणारा, पुढे मरेला आणणारा हाच गृहस्थ. २०२२ ला डेन्व्हर सोडून मिनेसोटाला गेला आणि दोन महिन्यांच्या आत गोबेरला घेऊन आला. योकिचला कुठे टोचतं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

झोन डिफेन्स

@डावखुरा, प्रचंड असहमत.

तुमचा सगळा डोलारा गोबेरवर उभा आहे. पण त्याच मालिकेतला दुसरा सामना आठवा. डेन्व्हरची घरच्या कोर्टवर १०६-८० अशी धुलाई झाली, मरेने वैतागून बेंचवरून हीट पॅक कोर्टात भिरकावला आणि एक लाख डॉलर दंड भरला, तो सामना. त्या रात्री गोबेर नव्हताच! घरी बाळ झालं होतं. आणि पाचव्या सामन्यात गोबेर होता, तेव्हा योकिचने ४० पॉइंट काढले, १३ असिस्ट (थेट पॉइंट मिळवून देणारे पास) दिले आणि चेंडू एकदाही गमावला नाही. त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू समोर असताना. मग थिअरी कुठे राहिली?

आता ओकेसी बघा. मे २०२५, सातवा सामना. योकिचवर ॲलेक्स करूसो, जेमतेम साडेसहा फुटाचा गार्ड. कागदावर हा विनोद वाटतो. पण करूसो पाठीमागे उभा राहून धक्के खात बसत नाही, तो योकिचच्या पुढे येऊन उभा राहतो. चेंडू आत येऊच द्यायचा नाही, हा हिशोब. डोक्यावरून लॉब टाकावा तर मागे होल्मग्रेनचे लांबलचक हात. बाजूने टाकावा तर डॉर्ट किंवा जेलेन विल्यम्स तो पास खायला टपलेले. योकिचला पूर्ण सामन्यात शॉट मिळाले ९. पुन्हा लिहितो, नऊ. ओकेसीने सामना १२५-९३ असा घेतला.

टाउन्स-गोबेरने योकिचला दमवलं, तरी २०२४ च्या सातव्या सामन्यात त्याने ३४ पॉइंट आणि १९ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) काढलेच. ओकेसीने त्याला खेळातूनच बाहेर काढलं. जड याला म्हणतात.

सकाळची मॅच

सहमत. झोनभाऊंशी. नऊ शॉट बघून त्या रात्री मी एक वाजेपासून जागा का राहिलो, असं झालं होतं.

डावखुरा

@झोन डिफेन्स, दुसऱ्या सामन्याचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो असं मला वाटतं. गोबेर नसताना टाउन्स, नाझ रीड आणि काइल अँडरसन आलटून पालटून योकिचच्या अंगावर होते आणि बाहेर मॅकडॅनियल्स, एडवर्ड्स, अलेक्झांडर-वॉकर यांनी चेंडू अर्ध्या कोर्टाच्या पुढे आणणंच मुश्कील केलं. म्हणजे एक गोबेर काढला तरी भिंत उभीच. तीन तीन उंच माणसं पाळीपाळीने अंगावर घालता येणारे संघ लीगमध्ये कितीसे आहेत?

ओकेसीचा सातवा सामना भारी होता, वादच नाही. पण गॉर्डनची हॅमस्ट्रिंग फाटलेली, तरी तो खेळला. पोर्टरचा खांदा कामातून गेलेला. प्लेऑफच्या तोंडावर, साखळीचे तीन सामने उरलेले असताना, मालकांनी प्रशिक्षक मलोनला काढून ॲडलमनच्या हाती कारभार दिला होता. अशा अवस्थेत डेन्व्हरने ओकेसीकडून तीन सामने काढले. पूर्ण प्लेऑफमध्ये डेन्व्हर आणि इंडियाना सोडून कोणालाही हे जमलं नाही. मेम्फिसला शून्य, आणि ज्या मिनेसोटाचं मी कौतुक करतोय त्यांना एक.

झोन डिफेन्स

आता तुम्हीच लिहिलंत! ओकेसीसमोर मिनेसोटा पाच सामन्यांत गारद. मग मिनेसोटा जड कसा?

डावखुरा

कारण मिनेसोटाकडे योकिच नाही. अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं, म्हणून अ क ला हरवणार, असं प्लेऑफमध्ये चालत नाही. ओकेसीने मिनेसोटाला मारलं ते एडवर्ड्सला कोंडून. त्याचा योकिचशी काय संबंध?

२०२४-२५ च्या साखळीतले चार सामने काढून बघा. चारही मिनेसोटाने जिंकले, टाउन्स न्यूयॉर्कला गेलेला असताना. त्याच्या जागी ज्युलियस रँडल आला आणि योजना तीच: रँडल योकिचवर, गोबेर मागे. १ एप्रिलचा सामना तर विसरणं शक्यच नाही. योकिचचे ६१ पॉइंट, १० रिबाउंड, १० असिस्ट, डबल ओव्हरटाइम. डेन्व्हर एका पॉइंटने पुढे, काही सेकंद शिल्लक, डेन्व्हरचा वेस्टब्रूक चेंडू घेऊन पळतोय. त्याने लेअप (रिंगजवळचा सोपा शॉट) घालवला. घालवला तो घालवला, वर धावत परत येऊन अलेक्झांडर-वॉकरला तीन पॉइंटचा शॉट मारताना फाउल केला. घड्याळात उरला होता सेकंदाचा दहावा भाग. अलेक्झांडर-वॉकरने तीनपैकी दोन फ्री थ्रो टाकले. १४०-१३९. एकसष्ट पॉइंट काढूनही हरायचं, तर समोर मिनेसोटाच लागतो.

मानसी_के

त्या १ एप्रिलच्या सामन्यात मरे नव्हता, हे सोयीस्करपणे राहून गेलं का? आणि ज्याने ते फ्री थ्रो टाकले तो अलेक्झांडर-वॉकर २०२५ ला अटलांटाला गेला. वेस्टब्रूकसुद्धा डेन्व्हरमध्ये नाही. म्हणजे ज्या सामन्यावर तुम्ही एवढा परिच्छेद खर्च केलात त्यातली अर्धी पात्रं पांगली.

२०२३ सुद्धा विसरू नका. पहिल्याच फेरीत डेन्व्हरने मिनेसोटाला ४-१ ने हरवलं होतं, आणि तेव्हा गोबेर-टाउन्स दोघेही होते.

डावखुरा

@मानसी_के, २०२३ ला मॅकडॅनियल्स नव्हता. साखळीच्या शेवटच्या सामन्यात भिंतीवर ठोसा मारून हात मोडून घेतला होता पठ्ठ्याने. नाझ रीडचंही मनगट मोडलेलं. तो मिनेसोटा धरायचा असेल तर हॅमस्ट्रिंग फाटलेल्या गॉर्डनचा डेन्व्हरही धरा.

मरेबद्दल मात्र बरोबर.

डेन्व्हरकर

मी अरोराला राहतो, डेन्व्हरच्या कुशीत. इथे बॉल अरीनाच्या कोर्टवरच ५२८० असं रंगवलेलं आहे. समुद्रसपाटीपासून तेवढे फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वरहूनही वर. पाहुणे चौथ्या क्वार्टरला कमरेवर हात ठेवून धापा टाकतात, असा इथल्या लोकांचा वर्षानुवर्षांचा विश्वास. त्या हिशोबाने बघितलं तर धागाकर्त्याचं पारडं जड आहे. २०२४ ला मिनेसोटाने इथे चार सामने खेळून तीन जिंकले. २०२५ ला ओकेसीने इथे तीन खेळले आणि एकच जिंकला, तोही ९२-८७ असा रडतखडत. तो रविवार दुपारचा सामना होता. शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत ओव्हरटाइम खेळलेली पोरं. दोन्ही संघांना रिंग सापडत नव्हती.

पण खरं सांगू का, इथे काम करताना रोज ज्यांच्याशी गप्पा होतात त्या डेन्व्हरच्या लोकांना ना ओकेसीची भीती वाटते ना मिनेसोटाची. त्यांना भीती वाटते ती योकिच पाणी प्यायला बसतो त्या पाच-सहा मिनिटांची. तो बसला की बारा पॉइंटची आघाडी तीनवर. मलोनच्या काळापासून हेच. २०२४ च्या सातव्या सामन्यात वीस पॉइंट गेले ते गोबेरमुळे कमी आणि पहिल्या पाच जणांचे पाय संपल्यामुळे जास्त. म्हणून २०२५ च्या उन्हाळ्यातले बदल बघा. राखीव सेंटर म्हणून व्हालान्च्युनास, २०२३ च्या चॅम्पियन संघातला ब्रूस ब्राउन परत, हार्डवे ज्युनियर, आणि पोर्टरच्या बदल्यात कॅम जॉन्सन. योकिचच्या मागे खराखुरा सेंटर आला.

झोन डिफेन्स

पाय संपल्याचं कारण २०२५ ला कसं लागू होतं? आधीच्या फेरीत क्लिपर्सविरुद्ध सातवा सामना शनिवारी, ओकेसीविरुद्ध पहिला सोमवारी. समोर आठवडाभर आराम केलेला संघ. तो सामना तर डेन्व्हरने जिंकला! गॉर्डनचा शेवटच्या तीन सेकंदांतला थ्री (तीन पॉइंटचा शॉट), १२१-११९. मग दुसऱ्या सामन्यात ताजेतवाने होऊन १४९-१०६ ने हरले का?

डेन्व्हरकर

एका रात्री अंगात येतं, सात रात्री येत नाही.

जुना लेकरवाला

लेकर्सचं नावसुद्धा कोणी काढत नाही, हे बघून ऊर भरून आला.

सकाळची मॅच

@जुना लेकरवाला, काका, डेन्व्हरकडून हरलात २०२३ ला ४-०, २०२४ ला ४-१. मध्ये सलग अकरा पराभव. डेव्हिस होता तेव्हा ही गत, २०२५ ला तो डॅलसला गेला. तुमचा डॉन्चिच योकिचला धरणार का?

जुना लेकरवाला

२०२० च्या बबलमध्ये (कोविडमुळे एकाच जागी बंदिस्त खेळवलेल्या प्लेऑफमध्ये) ४-१ ने आम्ही डेन्व्हरला हरवलं होतं, तेवढं नोंदवून खाली बसतो.

मानसी_के

मला या वर्षी दोघांपेक्षा ह्यूस्टनची धास्ती जास्त आहे. गेल्या हंगामात आक्रमक रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिले. स्टीव्हन ॲडम्स आणि शेंगून दोघांना एकत्र कोर्टवर आणतात, शॉट हुकला की चेंडू परत त्यांच्याच हातात. योकिचला दर वेळी ॲडम्सशी कुस्ती खेळायला लावली तर चौथ्या क्वार्टरला पास कुठून सुचणार? त्यात आता ड्युरंट आला आहे. शिवाय योकिचच्या काळात डेन्व्हर-ह्यूस्टन प्लेऑफमध्ये कधी भिडलेच नाहीत, त्यामुळे वरच्यासारखी जुनी आकडेवारी तोंडावर फेकता येणार नाही, हाही फायदा.

डावखुरा

ॲडम्सचा मुद्दा आवडला. पण ह्यूस्टनच्या व्हॅनव्लीटचा गुडघा सप्टेंबरात गेला, एसीएल (गुडघ्यातला अस्थिबंध). दबावाखाली चेंडू पुढे आणणार कोण? ड्युरंटच्या वयाला ते काम देणं बरं नव्हे. मे महिन्यापर्यंत आमेन थॉम्पसनला ते जमू लागलं तर पुन्हा बोलू.

झोन डिफेन्स

मूळ मुद्द्यावर या. मिनेसोटाची युक्ती चालते कारण गोबेर गॉर्डनला सोडून रिंगखाली उभा राहू शकतो. २०२३ ला लेकर्सनेही हेच करून बघितलं होतं, हाचिमुरा योकिचवर आणि डेव्हिस मागे. पहिल्या सामन्याच्या शेवटी थोडं चाललं, नंतर डेन्व्हरने उकल काढली आणि ४-० झालं. आता तर गॉर्डनने गेल्या हंगामात थ्री ४३ टक्क्यांहून जास्त टाकले आहेत. त्याला कोपऱ्यात उभा करा. गोबेर बाहेर आला तर रिंग मोकळी, नाही आला तर तीन पॉइंट. पोर्टरच्या जागी कॅम जॉन्सन म्हणजे चेंडू जमिनीवर टाकून पुढे पास करणारा माणूसही मिळाला. मिनेसोटाचं कुलूप उघडलं आहे. ओकेसीचं उघडलेलं नाही, कारण तिथे सोडून द्यावा असा बचावात कच्चा माणूसच कोर्टवर नसतो.

डावखुरा

गॉर्डनने हे साखळीत केलं, मे महिन्यात गोबेर समोरून 'मार, मार' म्हणत असताना अजून करायचं आहे. पहिले दोन हुकले की तिसऱ्याला हात आखडतो, आणि हे कोणाच्याही बाबतीत होतं. मी म्हणतो ते तपासायला फार थांबावंही लागणार नाही. नाताळच्या रात्री मिनेसोटा डेन्व्हरमध्ये आहे, आपल्याकडे २६ तारखेला सकाळी ९. धागा वर काढेन. गोबेर गॉर्डनपासून किती लांब उभा राहतो तेवढंच बघा, चेंडूकडे बघूच नका.

झोन डिफेन्स

चालेल. पण रँडलच्या तिसऱ्या फाउलनंतर कोण येतो तेही बघू. माझ्या मते तिथेच सुटते ही गाठ.

सकाळची मॅच

२६ ला शुक्रवार आहे. रजा टाकली.