[मंडळ-यादी] आईला उन्हाळी, फार्मसीनं परत पाठवलं. मंगळवारपर्यंत काय करू?

प्रेषक: मेधा
शनिवार, २३ ऑगस्ट २०२५, सकाळी ११:४०

मंडळी, जरा घाईत आहे.
आईला कालपासून लघवीला प्रचंड जळजळ होतेय, सारखं जावंसं वाटतंय, रात्री डोळ्याला डोळा नाही. ताप नाही. प्रज्ञाला फार्मसीतूनच गोळ्या मिळाल्या होत्या म्हणून सकाळी आईला घेऊन गेले, तर वय ६८ म्हटल्यावर फार्मासिस्ट नाही म्हणाली. सोमवारी बँक हॉलिडेची सुटी, सर्जरी (डॉक्टरांचा दवाखाना) थेट मंगळवारी उघडणार. आई म्हणतेय धणे-जिऱ्याच्या पाण्यानं उतरेल. सांगलीहून जळजळीवरच्या सिट्राल्का औषधाची बाटलीही आणलीय. देऊ का? बार्ली आहे का कुणाकडे? बुधवारी गणपती, त्यात हे.
मेधा

---

प्रेषक: वसुधाताई
दुपारी १२:१५

मेधा, बार्ली टेस्कोत मिळते गं, सूपच्या डाळींजवळ असतं पाकीट. मूठभर धुऊन चार-पाच कप पाण्यात दाणा मऊ होईपर्यंत शिजव, गाळ, लिंबू पिळ आणि कोमटच दे. धणे मात्र उकळायचे नाहीत. जाडसर कुटून रात्रभर भिजत घालायचे आणि सकाळी फडक्यातून पिळून घ्यायचे. उकळले की त्यांचा थंडावा जातो. आमच्याकडे सोलापूरला चैत्र लागला की सासूबाई मोठं पातेलं भरून ठेवायच्या, शेतावरून येणारा प्रत्येक जण आधी ते प्यायचा. खडीसाखर घालू नकोस, आईंना शुगर आहे ना?
वसुधाताई

---

प्रेषक: निखिल
दुपारी १२:३२

मेधाताई, माझ्याकडे पुण्याहून आणलेल्या नॉरफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या आहेत, अर्धी पट्टी शिल्लक आहे. बाबांना दोन गोळ्यांतच उतार पडला होता. सुटीत कुठे डॉक्टर शोधत बसणार? संध्याकाळी घरी आणून देतो.

---

प्रेषक: सुहास
दुपारी १२:५०

वसुधाताई, धणे ठीक, पण खरा उपाय गोखरूचा काढा. शिवाय मागच्या वर्षी हळदीच्या कॅप्सूलवरून जे झालं त्यानंतर ठरलं होतं की औषधांची चर्चा यादीवर करायची नाही, आरोग्य गटाकडे पाठवायची. गट मी बघतो. मेधानं मला फोन करावा, ही विनंती.

---

प्रेषक: वसुधाताई
दुपारी १:०५

सुहास, मी औषध सांगितलेलं नाही, पाणी सांगितलंय.

---

प्रेषक: अनघा
दुपारी १:२०

मेधा, आधी हे वाच, बाकीचं नंतर.
मंगळवारपर्यंत थांबू नकोस. आत्ता १११ ला, म्हणजे आरोग्यसेवेच्या मदत क्रमांकाला, फोन कर. वय ६८, मधुमेह आणि लघवीची जळजळ, एवढं सांगितलंस की ते डॉक्टरांचा फोन तरी लावून देतात किंवा अर्जंट केंद्रात वेळ देतात. आई व्हिजिटर व्हिसावर आहेत म्हणून बिचकू नकोस. जीपी (नेहमीचे डॉक्टर) आणि ए अँड ई (हॉस्पिटलचा तातडीचा विभाग) यांमधली तपासणी पाहुण्यांनाही फुकट असते, पैसे वॉर्डात दाखल केल्यापासून लागतात. उशीर झाला आणि जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले तर नेमकी तीच वेळ येईल.

फार्मसीतल्या मुलीवर रागावू नका. मी त्याच काउंटरपलीकडे उभी असते. ३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये आम्हाला या त्रासावर डॉक्टरांशिवाय अँटिबायोटिक देता येतं, पण ते १६ ते ६४ वयाच्या आणि गरोदर नसलेल्या बायकांनाच. ६५ नंतर पट्टी बुडवून करायची चाचणीही भरवशाची नसते, कारण काहीच त्रास नसतानाही पुष्कळ जणींच्या लघवीत जंतू सापडतात. म्हणून लक्षणं बघून, नमुना लॅबला पाठवून औषध ठरवावं लागतं. प्रज्ञाला मिळालं, कारण ती पन्नाशीत आहे.

निखिल, त्या गोळ्या कृपा करून नेऊ नकोस. या गटातल्या औषधांनी स्नायूबंध दुखावतात, क्वचित तुटतातही, आणि साठीनंतर धोका जास्त. जानेवारी २०२४ पासून इथे दुसरं अँटिबायोटिक चालणार नसेल तरच ही देतात. शिवाय दोन गोळ्या पोटात गेल्यावर नमुना दिला तर लॅबमध्ये जंतू कदाचित वाढणारच नाहीत, आणि मग कुठलं औषध लागू पडेल ते कळायचा मार्ग बंद होतो. बाबांचं म्हणशील तर पुरुषांना हा त्रास झाला की तपासणी हवीच, आणि कोर्सही लांब असतो. त्यांचा अर्धाच झालेला दिसतोय.

सिट्राल्का नको. त्यात सोडियम आहे आणि आईंना बीपी. इथल्या सॅशेंमध्ये पोटॅशियमचाही प्रकार मिळतो, पण त्या बीपीसाठी टेल्मिसार्टन घेतात, त्यावर पोटॅशियम चढू शकतं. शहाळ्याचं पाणीही त्याच कारणानं बेतानं. वसुधाताईंचं धण्याचं किंवा बार्लीचं पाणी खुशाल द्या. पोटात पाणी जातंय, लघवी होतेय, बरं वाटतं. जंतू मात्र त्यानं मरतील असं धरून चालू नका. सुहासकाका, गोखरूबद्दलही माझं हेच म्हणणं, आणि तीन गोळ्या चालू असताना त्यात काढा नकोच.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या किंवा बोलण्यात असंबद्धपणा, यातलं काहीही दिसलं तर थेट ए अँड ई.
अनघा

ता. क. मेधा, शुगरच्या गोळीचं नाव कळव. डापाग्लिफ्लोझिन असेल तर १११ ला मुद्दाम सांग. त्या गोळीनं साखर लघवीवाटे जाते, बाहेरच्या त्वचेला बुरशी येते आणि तीही अशीच चुरचुरते. अशा वेळी तिचं औषध वेगळं.

---

प्रेषक: प्रज्ञा
दुपारी २:१०

मी पन्नाशीत आहे हे सगळ्या यादीला कळलंच आहे, तर पुढचंही सांगते, कारण कुणी बोलत नाही. पाळी थांबल्यावर मला हा त्रास वर्षभर परत परत होत होता. क्रॅनबेरीचा रस प्यायले, डी-मॅनोजची (एक प्रकारच्या साखरेची) पावडर घेतली. शेवटी जीपीनं योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं तेव्हा कुठे थांबलं. बायकांनी हे विचारावं, लाजू नये.

---

प्रेषक: अनघा
दुपारी २:२५

प्रज्ञा, लिहिलंस ते फार बरं केलंस. क्रॅनबेरीनं बायकांना त्रास परत होण्याचं प्रमाण कमी होतं असं २०२३ च्या मोठ्या आढाव्यात दिसलंय, पण चालू असलेली जळजळ त्यानं जात नाही. रक्त पातळ करायची वॉर्फरिन घेणाऱ्यांनी क्रॅनबेरी टाळावी. डी-मॅनोजवर पैसे घालू नका. २०२४ मध्ये इथल्याच सर्जऱ्यांमधल्या बायकांवरच्या चाचणीत काही फायदा दिसला नाही.

---

प्रेषक: सुहास
दुपारी ३:००

अनघा, माहिती उत्तम. हीच आरोग्य गटाच्या पानावर लिहून देशील का? यादीवर लिहिलेलं वाहून जातं. गोखरूचं मला पटलेलं नाही, पण मेधाच्या आईंना देऊ नये इतपत मान्य.

---

प्रेषक: मेधा
रविवार, २४ ऑगस्ट, सकाळी ९:३०

१११ वरून तासाभरात फोन आला, संध्याकाळी अर्जंट केंद्रात गेलो. नमुना घेतला. मागच्या महिन्यातला सांगलीचा रक्ताचा रिपोर्ट फोनमध्ये होता, त्यातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) बघून डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक दिलंय, दिवसातून दोनदा, ३ दिवस, जेवणाबरोबर. लघवी तपकिरी होईल हे आधीच सांगितलं होतं म्हणून आई घाबरली नाही. शुगरची गोळी डापाग्लिफ्लोझिन नाही. भेटीला येणाऱ्या प्रत्येक आईबाबांचे रिपोर्ट आणि गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो जवळ ठेवा.
रात्री आईनं खरं कारण सांगितलं. विमानात शेजारच्यांना उठवावं लागेल म्हणून पाणीच प्यायली नव्हती. इथेही बाहेर पडायचं म्हटलं की सकाळपासून चहासुद्धा घेत नाही.

---

प्रेषक: वसुधाताई
सकाळी ९:५०

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांना तेच होतं. वरच्या मजल्यावर बायकांसाठी दोन संडास, मध्यंतर १५ मिनिटांचं, रांग जिन्यापर्यंत. मी स्वतः त्या दिवशी दुपारनंतर पाणी पीत नाही.

---

प्रेषक: निखिल
सकाळी १०:२०

मध्यंतर वाढवलं तर नाटुकलं कापावं लागेल. हॉल ९ वाजता रिकामा करायचाय.

---

प्रेषक: प्रज्ञा
सकाळी १०:४५

नाटुकलं कापू नका, भाषणं कापा. ३० तारखेच्या कार्यक्रमात मध्यंतर २५ मिनिटं. तळमजल्यावरची स्वच्छतागृहं उघडी ठेवायला हॉलच्या माणसाला मी आजच मेल करते. ज्येष्ठांच्या खुर्च्या डाव्या दाराशी लावा, तिथून ती जवळ पडतात. निखिल, खुर्च्या तुझ्याकडे.